बाभळीवरचा कोट

नागपूरला समुद्र नाही, हे कोणाला सांगायला नको. मुंबईकडे निघा नाही तर पुरीकडे निघा, समुद्र बघायचा तर आगगाडीत अंग आंबवून घ्यावंच लागतं. आणि अशा या नागपुरात, तेही तांडापेठेत, जिथं दर घरातून मागाची खटखट ऐकू यायची, तिथं जहाजाचं होकायंत्र जुळवणारा एक माणूस राहत होता. आता बोला! लोक हसायचे. हसतील नाही तर काय करतील बिचारे?

त्याचं नाव शालिकराम पराते. बाप कोष्टी, आजा कोष्टी. घरात दोन हातमाग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची, हा पिढीजात धंदा. बेचाळीस साली लढाईपायी सूत मिळेनासं झालं. माग झाकून ठेवायची पाळी आली, तेव्हा हा एकवीस वर्षांचा गडी भरतीच्या कचेरीत गेला आणि नौदलात नाव लिहून आला. पाणी म्हणजे त्यानं नागनदी आणि जुम्मा तलाव एवढंच पाहिलेलं. साहेबानं विचारलं, "पोहता येतं?" हा म्हणाला, "येते." खोटं, साफ खोटं! गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो काठाकडे वळायचा.

घरी लग्नाला जेमतेम वर्ष झालेली बायको होती. जयवंता, उमरेडच्या विणकराची लेक. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिच्या माहेरी एक रीत होती. घरचा माणूस दूर निघाला की मागाच्या जुन्या धोट्याचं लोखंडी टोक काढायचं आणि त्याच्या अंगाला बांधून द्यायचं. धोटा उजवीकडून डावीकडे जातो आणि पुन्हा उजवीकडे येतो, दिवसातून हजार वेळा जातो आणि हजार वेळा परत येतो. म्हणून त्याचं टोक ज्याच्या अंगावर, तोही परत येतो. जयवंतानं अंगठ्याएवढं ते टोक शालिकरामच्या करदोड्यात ओवलं आणि म्हणाली, "हे काढू नका." बस, एवढंच.

आता गंमत बघा. मुंबईला त्याला हाताखाली घेतलं ते बारेटो नावाच्या एका गोव्याच्या म्हाताऱ्यानं, आणि या बारेटोचं काम काय, तर जहाजांची होकायंत्रं जुळवणं! होकायंत्राची सुई उत्तर दाखवते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जहाज असतं लोखंडाचं. ते लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं, आणि जहाजाचं तोंड जिकडे वळेल तशी ही ओढही बदलते. म्हणून जहाज बंदरातच चारी दिशांना फिरवायचं आणि काठावरच्या ठरलेल्या खुणेशी सुई ताडून बघायची. होकायंत्राच्या पेटीखाली भोकं असतात, त्यांत काडीएवढे लोहचुंबक सरकवून चूक कमी करायची. अंश-दोन अंश उरतीलच. ते कागदावर मांडून कार्ड करायचं आणि काचेखाली लावायचं. पुढं खलाशानं ते कार्ड बघून जहाज हाकायचं. चार अंश चुकलं तर खडकावर जाल, असं बारेटो रोज सांगायचा.

त्यानं शालिकरामला निवडलं ते बोटांसाठी. तुटलेला धागा हिसका न देता जोडणारी ती बोटं. असं बोट चुंबकही केसाएवढाच सरकवतं. पण पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यानं त्याला नखशिखांत चाचपलं आणि करदोड्यावर हात थांबला. "हे काय?" शालिकरामनं सांगितलं. बारेटो हसला नाही. म्हणाला, "चांगलं आहे. पण होकायंत्राजवळ नको." तेव्हापासून कामावर जाताना ते टोक धक्क्यावरच्या चहावाल्याकडे ठेवायचं आणि परत येताना चहा पिऊन उचलायचं, असा पाच वर्षं नेम होता.

त्या पाच वर्षांत एकदा सलग चौदा महिने त्याचं पत्र घरी आलं नाही. लिहिली होती त्यानं, पण लढाईतली पत्रं, कुठं गेली देव जाणे. चौदा महिने जयवंता सासूसमोर मागावर बसायची आणि धोटा फेकायची. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात हा निळा कोट, पितळी बटनं, खांद्यावर वळकटी अशा थाटात दारात उभा राहिला, तेव्हा ती मागावरून उठलीसुद्धा नाही. शालिकरामनं करदोड्यातून टोक काढून तिच्या हातावर ठेवलं. "हे घे वं. आलो." तिनं ते देवाजवळ ठेवलं आणि मग रडली, पाच वर्षांचं एकदम.

पुढं नऊ वर्षं शालिकराम पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसला. कोट पेटीत गेला. समुद्राच्या गोष्टी सांगितल्या की तांडापेठेतले लोक म्हणायचे, "काय कप्तान, आज वारा कोणीकडचा?" कप्तान हेच नाव पडलं. त्याला खूप लागायचं ते. फुशारकीचा सवाल नव्हता. हाताला एक अस्सल विद्या आली होती आणि साऱ्या गावात ती दाखवायला वाटीभर जागा नव्हती. कधीकधी विणता विणता डांबराचा, खाऱ्या दोरखंडांचा वास आल्यासारखं व्हायचं. मग हात थांबायचा आणि पलीकडच्या मागावरून जयवंता म्हणायची, "काहून थांबले?" हा म्हणायचा, "काई नाई, धागा तुटला."

छप्पन साली अंबाझरी तलावावर कॉलेजच्या पोरांना नौकानयन शिकवायचं ठरलं आणि मुंबईहून एक मोठी शिडाची होडी आली. लाकडी, पण तळाला लोखंडाची जाड पट्टी आणि बुडाला लोखंडी खिळे. मालगाडीच्या वाघिणीत आणि मग यार्डात ती दोन महिने एकाच दिशेला तोंड करून पडून होती. त्यामुळे ते लोखंड चांगलंच बिथरलं होतं, आणि बरोबर आलेलं होकायंत्र पूर्वेला ईशान्य म्हणत होतं. जबाबदारी होती मारोतरावांवर. हे कॉलेजात रसायन शिकवायचे. भला माणूस, पण होडीत बसला की दोन्ही काठ घट्ट धरायचा. त्यांना कोणीतरी सांगितलं की तांडापेठेत एक कप्तान आहे. सांगणाऱ्यानं चेष्टाच केली होती. मारोतराव मात्र सायकल हाणत खरंच आले.

"तुम्हाला हे जमेल?" त्यांनी विचारलं.

शालिकराम मागाच्या खड्ड्यातून वर आला. "जमते, सर."

"महिनाअखेर मुंबईचे साहेब तपासायला येणार आहेत. यंत्र उतरलं तर होडी सांभाळायला तुमची कायमची नेमणूक करता येईल. नाही उतरलं, तर ते आपला माणूस पाठवतील. माझ्या हातात काही नाही."

शालिकरामला त्या रात्री झोप आली नाही. पगाराचं सोडा, मागावर पोट भरत होतं. पण पस्तीशी उलटलेली. या खेपेला हुकलं तर पुन्हा नागपुरात कोण होडी आणणार होतं? मेल्यावरही लोक कप्तानच म्हणतील आणि हसतील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

तीन सकाळी काम चाललं. काय तो शालिकरामचा थाट! होडीत पाय ठेवण्याआधी एकेकाला काठावर उभं करून चाचपायचा, थेट बारेटोसारखा. पोरांच्या पट्ट्यांची बक्कलं काढली. मारोतरावांच्या किल्ल्या काढल्या, आणि चष्म्याच्या काड्या लोखंडी निघाल्या तेव्हा चष्माही काढला. प्राध्यापक महाशय तीन दिवस आंधळ्यासारखे चाचपडत होते. नत्थूजी नावाचा, तळ्यावर मासे धरणारा ढीवर आपला डोंगा घेऊन मदतीला होता, होडीचं नाक ओढून फिरवायचं काम त्याचं. त्याच्या कमरेचा अडकित्ता निघाला तेव्हा तो चिडला. "अडकित्त्यानं का होते गा, कप्तान? सुपारी तं खाऊ दे!"

"अडकित्ता काठावर, नाई तं तू काठावर," शालिकराम म्हणाला. नत्थूजीनं अडकित्ता ठेवला.

होकायंत्राच्या वाटीत स्पिरिट भरलेलं असतं, त्यात बुडबुडा झाला होता. मारोतरावांनी कॉलेजातून स्पिरिट आणलं आणि शालिकरामनं वाटी तिरपी धरून थेंबाथेंबानं भरलं. मग लांबून एक चुंबक दाखवून सुई हलवली आणि सोडली. ती न अडकता जागेवर परत आली. खूण म्हणून बांधावरचा चुन्यानं रंगवलेला दगड आणि मागच्या टेकडीवरचं एकटं शिंदीचं झाड धरलं. पाण्यात ज्या रेषेवर ही दोन्ही एकामागे एक दिसतात, त्या रेषेवर दिशा दोनशे अडुसष्ट अंश. काठावर लाकडी तिपाईवर दुसरं होकायंत्र मांडून त्यानं हा आकडा तीनदा काढला. मग होडीचं तोंड उत्तरेला, चुंबक आडवा सरकव. तोंड पूर्वेला, चुंबक उभा सरकव. दक्षिणेला अर्धी चूक मार, पश्चिमेला अर्धी. शेवटी आठही दिशांना फिरवून कार्ड लिहिलं. कुठं एक अंश, कुठं अर्धा. यापेक्षा चांगलं बारेटोनंही केलं नसतं. त्या दुपारी घरी जाताना शालिकराम सायकलवर मोठ्यानं गात होता, आणि त्याचा गळा काही चांगला नव्हता.

तपासणीच्या आदल्या दिवशी जयवंतानं पेटीतून निळा कोट काढला, उन्हात टाकला, बटनं चिंचेनं घासली. पितळेचं होकायंत्राला वावडं नाही, म्हणून शालिकरामही खूश. सकाळी त्यानं कोट चढवला. जरा जड लागला. नऊ वर्षांनी घातलेला कोट जड लागायचाच, आणि पोटही थोडं सुटलं होतं. जयवंता दारात आली.

"लय मधात जाऊ नका. पाणी खोल हाये."

"अवं, तळं हाये ते, समुद्र नोहे."

"मले दोन्ही सारखेच," ती म्हणाली.

मुंबईचे साहेब तरणे होते. पांढरा कडक गणवेश, बोलणं मोजकं. होडी रेषेवर आली. तोंड उत्तरेला. शालिकरामनं सवयीनं सगळ्यांचे खिसे तपासलेच होते, साहेबांचेसुद्धा. तो होकायंत्रावर वाकला, दगड आणि शिंदी एका रेघेत घेतली आणि वाचलं, "दोनशे त्र्याहत्तर."

साहेबांनी कार्ड पाहिलं. "इथं चूक एक अंश लिहिली आहे. ही पाच होते."

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. तोंड पूर्वेला केलं, तिथं तीन अंशांचा फरक. शालिकरामनं होकायंत्राची काच पुसली. साहेब म्हणाले, "तुम्ही मागे बसा. मी बघतो." साहेब वाकले. पूर्वेला कार्डाशी तंतोतंत. होडी उत्तरेला फिरवली, दोनशे एकोणसत्तर. बरोबर कार्डाप्रमाणे.

"यंत्र उत्तम जुळलंय," साहेब मारोतरावांना म्हणाले. "ते कोणी जुळवलं मला ठाऊक नाही. पण या माणसाला वाचता येत नाही."

वल्ह्यावरच्या दोघातिघांना हसू फुटलं. मारोतराव चष्म्याशिवाय कुठंतरी भलतीकडेच बघत राहिले. आणि शालिकराम? त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता या पाण्यात उडी टाकावी, अजूनही पोहता येत नव्हतं म्हणून बरंच. चौदा वर्षांपूर्वी घर सोडून जी विद्या मिळवली, ती साऱ्यांदेखत खोटी पडली होती.

"साहेब, एकडाव पाहू द्या," तो म्हणाला.

तो वाकला, पण या वेळी त्यानं खुणेकडे पाहिलंच नाही. सुईकडे पाहिलं. वाकला तशी सुईची तबकडी हळूच सरकली. तो मागं झाला. तबकडी मुकाट्यानं जागेवर आली. पुन्हा वाकला, पुन्हा सरकली. लोखंड! सगळ्यांना चाचपलं, आणि चाचपायचा राहिला तो एकच माणूस. त्याचा हात छातीवर गेला. कोटाच्या अस्तराखाली अंगठ्याएवढं काहीतरी होतं. एका बाजूनं निमुळतं, दुसऱ्या बाजूनं पोकळ. पाच वर्षं कमरेला वागवलेली वस्तू, ती ओळखायला डोळे कशाला लागतात?

राग आला त्याला, खोटं कशाला सांगा. टाळकंच फिरलं. घरी जाऊन काय काय बोलायचं ते सगळं क्षणात ओठांवर जमा झालं. आणि लगेच ते चौदा महिने आठवले. कालच्या दुपारी सुई-दोरा घेऊन, बटनं घासायच्या निमित्तानं, एकटी बसलेली जयवंता त्याला दिसली. तळं की समुद्र, तिला दोन्ही सारखेच होते.

आता दोन वाटा होत्या. डोळे अधू झाले म्हणायचं, मान खाली घालून काठावर उतरायचं आणि मागावर बसायचं. नाही तर कॉलेजच्या पोरांसमोर, मुंबईच्या साहेबासमोर बायकोचा तो तोडगा उघडा करायचा. शालिकरामनं कोटाची बटनं सोडली. एकेक, सावकाश. कोटाची घडी केली आणि डोंग्याकडे हात केला.

"नत्थूजी, हे घे गा. पल्याड ने. आणखी पल्याड. आणि ओला करू नको, सांगून ठेवतो."

डोंगा लांब गेला. बनियनवर शालिकराम वाकला. "दोनशे एकोणसत्तर." पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, आठही दिशांना तो वाचत गेला आणि साहेब कार्डाशी ताडत गेले. एकदाही पाव अंशाचा फरक निघाला नाही. मघाशी हसणारी पोरं आता माना लांबवून तबकडी बघत होती.

साहेबांनी कार्ड खाली ठेवलं. "काय आहे त्या कोटात?"

"बायको आहे, साहेब," शालिकराम म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. धोटा, उमरेड, चौदा महिने, सगळं. कशाला लपवायचं? साहेब ऐकत राहिले, लांबच्या डोंग्याकडे बघत. मग त्यांनी कार्डावर सही केली. "पराते, तो कोट घालून होडीत बसायचं नाही," म्हणाले. आणि कार्ड परत देत म्हणाले, "पण टाकायचाही नाही."

घरी जयवंता उंबऱ्यातच उभी होती. "झालं?"

"झालं. नोकरी लागली."

तिनं त्याच्या अंगातल्या कोटाकडे पाहिलं. "कोट कामी आला न?"

"आला वं. लय कामी आला." यापलीकडे तो एक अक्षर बोलला नाही, आणि अस्तराची शिवणही त्यानं उसवली नाही.

अंबाझरीच्या काठाला एक वाकडी बाभूळ होती. शालिकराम रोज सकाळी घरून कोट घालून निघायचा, तो बाभळीच्या फांदीला अडकवायचा आणि मग होडीत पाय ठेवायचा. काम संपलं की कोट चढवून घरी. असं चार वर्षं चाललं. कप्तान हे नाव राहिलंच, पण आता ते पोरं सलाम ठोकून घ्यायची. दरसाल तो होडी आठ दिशांना फिरवायचा, नवं कार्ड लिहायचा. ते दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं तो पुढं म्हातारपणी सांगायचा, आणि सांगताना नेमका त्या बाभळीपाशी येऊन अडायचा.

साठ साली हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी जयवंतानं ठरवलं की या वर्षी गौर शिरवायची, म्हणजे वाळूची गौर पाण्यात सोडायची, ती अंबाझरीलाच. घराजवळचं तळं सोडून एवढं लांब कशाला, म्हणून शेजारणी कुरकुरल्या. पण तिला नवऱ्याची होडी बघायची होती. चार वर्षांत एकदाही बघितली नव्हती. गौर शिरवली, वाळू पाण्यात सोडली, वर पाहिलं, तर बाभळीवर निळा कोट!

ती गेली आणि अस्तर चाचपलं. टोक जागेवर होतं. तळ्याच्या अगदी मध्यावर, तिला नको होतं बरोबर तिथंच, एक शीड दिसत होतं. शेजारणी म्हणाल्या, चल. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. कोट मांडीवर घेऊन ती बाभळीखाली बसली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तिनं त्या शिडावरची नजर काढली नाही.

होडी काठाला लागली. शालिकरामनं तिला पाहिलं, मांडीवरचा कोट पाहिला आणि तिथंच गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

"रोज इथंच ठेवता?" ती म्हणाली.

"रोज."

"चार वर्सं?"

"चार वर्सं. ते आंगावर असलं का सुई चुकते, जयवंते. पहिल्याच दिवशी चुकली होती. तुले सांगू कसा?"

तिनं अस्तरातल्या टोकावरून अंगठा फिरवला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मंग इतके दिवस परत कशाच्या भरवशावर येत होते?"

शालिकराम पाण्यातून वर आला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कोटावरच्या तिच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

"ह्याच्याच. कोट काठावर राहते, म्हणून तं मी काठावर येतो वं. मधात घेऊन गेलो असतो, तं इथं माहं कोण होतं?"

जयवंतानं पदरानं डोळे पुसले. मग अस्तर उलटं करून उन्हात धरलं. चार वर्षं फांदीला लोंबून शिवण एका बाजूनं ढिली झाली होती.

"घरी चाला," ती म्हणाली. "दोन टाके घालून देतो. मले भूकही लागली."

त्यानं कोट अंगात घातला आणि दोघं बांधावरून निघाली.